व्हाळाच्या काठचा मोठ्या डोळ्यांचा भुंगेरा: स्टेनस ओळखायचा कसा

चतुर्थी उरकली आणि पावसाने जरा उघडीप दिली, की गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात कुठल्याही कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जा आणि पाटाच्या काठाला पाच मिनिटं उकिडवं बसा. आधी काहीच दिसणार नाही. ओली माती, कुजत आलेली पोफळीची झावळ, शेवाळाचा हिरवा पापुद्रा. मग त्या चिखलावर काळ्या दोऱ्याचा बारीक तुकडा हलल्यासारखा वाटतो. लांबी तांदळाच्या दाण्याहून कमी. पहिल्यांदा वाटतं मुंगी आहे. पण मुंगी अशी थांबत नाही. हा चार पावलं चालतो, थांबतो, डोकं वळवून बघतो, पुन्हा चालतो. बोट जवळ नेलं तर सरळ पाण्यावर उतरतो आणि पाय न हलवता, कुणीतरी दोरीने ओढून न्यावं तसा, सरकन पलीकडे जातो.

हा स्टेनस. भुंगेऱ्यांमधली ही एक प्रजाती, आणि त्यात आजवर नाव मिळालेल्या जाती ३,००० हून अधिक आहेत. जगातले सगळे पक्षी धरले तर त्यांच्या जाती होतात साधारण ११,०००. म्हणजे एकट्या या प्रजातीचा पसारा केवढा, बघा. तरीही आपल्याकडे त्याला नाव नाही. एका कुळागराच्या मालकांना मी हा किडा दाखवून विचारलं होतं, “काका, याला तुम्ही काय म्हणता?” त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि म्हणाले, “चावत नाही, पीक खात नाही. मग नाव कोण ठेवणार?”

त्यांचं म्हणणं खरं आहे. याच कुळातल्या एका नातेवाइकाला मात्र लोक चांगले ओळखतात, कारण तो त्रास देतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती येणारा, नारिंगी छातीचा, निळ्या-काळ्या ढालींचा लांबट किडा मानेवर बसला, आपण तो झोपेत चिरडला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा लाल पट्टा उठला, हा अनुभव अनेकांना असतो. तो पेडेरस. त्याच्या शरीरात पेडेरिन नावाचं विष असतं, आणि ते विष तो स्वतः बनवत नाही, त्याच्या आत राहणारे जिवाणू बनवतात. चिरडला नाही तर तो काही करत नाही. बसला तर फुंकर मारून उडवावा, इतकंच. पण या एका नातेवाइकामुळे ‘असल्या लांबट किड्यांपासून लांब राहा’ एवढीच आपली ओळख राहिली. स्टेनस त्या वाटेला जात नाही. त्याला हातावर घेतला तरी काही होत नाही.

दोघांचं कुळ एकच, स्टॅफिलिनिडी. इंग्रजीतून आलेलं ‘रोव्ह बीटल’ हे नाव आता मराठीतही वापरलं जातं. आपण रोव्ह भुंगेरे म्हणू. जगभरात यांच्या ६०,००० हून अधिक जातींची नोंद झाली आहे. भुंगेरा म्हटला की पाठीवर दोन कडक ढाली आल्या, म्हणून तर या गणाला ढालपंखी म्हणतात. रोव्ह भुंगेऱ्यांच्या ढाली मात्र आखूड असतात, बंडी घातल्यासारख्या. त्या जेमतेम पाठीच्या वरच्या भागापर्यंत येतात आणि पोटाचे सहा-सात खंड उघडेच राहतात. त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, याला पंख नसावेत. खरं तर बहुतेकांना उडण्याचे मोठे पातळ पंख असतात आणि ते त्या इवल्या ढालींखाली घडी घालून ठेवलेले असतात. उतरल्यावर हा किडा शेपटीचं टोक वर वळवून पंख आत ढकलतो, तेव्हा ही घडी कशी घातली जाते ते प्रत्यक्ष दिसतं. छत्री पिशवीत कोंबावी तशी ती दिसते, पण ती नेमकी असते, आणि डाव्या-उजव्या पंखाच्या घड्या वेगळ्या पडतात. उघडं पोट सगळीकडे वाकतं, म्हणून हे किडे पाल्यात, मातीच्या भेगांत, गवताच्या बुंध्यात सहज शिरतात. या कुळाच्या यशाचं बरंचसं गुपित या आखूड बंडीत आहे असं मला वाटतं.

आता ६०,००० मधून स्टेनस कसा निवडायचा?

आधी डोळे बघा. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवर लावायची मॅक्रो लेन्स चालते. स्टेनसच्या डोक्याची जवळजवळ अख्खी बाजू डोळ्याने व्यापलेली असते. डोळे इतके फुगीर, की डोकं मानेपेक्षा, म्हणजे छातीच्या वरच्या ढालीपेक्षा, स्पष्टपणे रुंद दिसतं. वरून पाहिलं तर चतुराच्या डोक्याची आठवण येते. मिशा डोक्याच्या पुढच्या कडेला नसून दोन डोळ्यांच्या मध्ये, कपाळावर उगवलेल्या असतात. त्या बारीक असतात आणि शेवटचे तीन मणी जरा जाड असतात. अंग लांबट, गोलसर, काळं किंवा शिशासारखं करडं. त्यावर सुईने टोचून काढल्यासारखे दाट खड्डे. काही जातींच्या ढालींवर एकेक नारिंगी ठिपका असतो आणि मग तो लांबूनही ओळखू येतो. लांबी साधारण २ ते ७ मिलिमीटर.

एवढं जमलं की चुका फार होत नाहीत. वाघभुंगेऱ्यालाही मोठे डोळे असतात, तोही ओल्या वाळूवर पळतो, पण त्याच्या ढाली पूर्ण असतात आणि तो आकाराने कितीतरी मोठा असतो. पेडेरसच्या अंगावर नारिंगी आणि निळा-काळा असे दोन रंग असतात आणि डोळे बेताचे. मुंगीला बारीक कंबर असते, मिशा कोपरासारख्या मोडलेल्या असतात. शेपटीला चिमटा दिसला तर तो भुंगेराच नाही, वेगळ्या गणातला कीटक आहे.

इतके मोठे डोळे कशासाठी, हे त्याचं जेवण बघितल्यावर कळतं. स्टेनस शिकारी आहे आणि त्याची आवडती शिकार म्हणजे स्प्रिंगटेल. ओल्या मातीवर, पाल्याखाली, पाण्याच्या पृष्ठभागावर हे एक-दोन मिलिमीटरचे जीव हजारोंनी असतात. त्यांच्या पोटाखाली दुमडलेला एक काटा असतो. धोका वाटला की तो काटा सुटतो, जमिनीवर आपटतो आणि स्प्रिंगटेल क्षणात हवेत. अशा सावजामागे धावून उपयोग नाही. साध्या जबड्याच्या भुंगेऱ्याने जवळ जाऊन तोंड उघडेपर्यंत ते उडून गेलेलं असतं.

यावर स्टेनसचा उपाय म्हणजे त्याचा खालचा ओठ. कीटकांना आपल्यासारखी जीभ नसते. त्यांच्या तोंडाच्या तळाला एक जुळलेला अवयव असतो, त्याला खालचा ओठ म्हणायचं. स्टेनसमध्ये हा ओठ एका लांब नळीच्या टोकावर बसलेला असतो आणि एरवी ती नळी डोक्याच्या आत ओढून घेतलेली असते. सावज टप्प्यात आलं की भुंगेरा शरीरातल्या द्रवाचा दाब एकदम वाढवतो आणि नळी पुढे फेकली जाते. दोन ते तीन सहस्रांश सेकंदांत काम होतं. आपली पापणी लवायलाही सेकंदाचा दहावा हिस्सा लागतो. नळीच्या टोकाला दोन गाद्या असतात. त्या गाद्यांवर असंख्य केस, केसांना पुन्हा फाटे, आणि त्यांवर डोक्यातल्या ग्रंथींतून आलेला चिकट द्रव. गादी सावजाला टेकली की चिकटते, नळी मागे ओढली जाते आणि सावज थेट जबड्यात येतं.

जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठातले ऑलिव्हर बेट्झ आणि त्यांचे सहकारी या यंत्रणेवर वर्षानुवर्षं काम करत आले आहेत. नुसता चिकट द्रव असता तर खडबडीत, केसाळ, खवल्यांच्या अंगावर तो नीट बसला नसता. फाटे फुटलेल्या केसांमुळे गादी सावजाच्या उंचसखल अंगाला सगळीकडून भिडते. फणसाचा चीक हाताला कसा लागतो ते गोव्यात कुणाला सांगायला नको. तो चीक हजारो बारीक ब्रशांच्या टोकांना लावलाय अशी कल्पना करा. आणि हे हत्यार असूनही स्टेनस दर वेळी ते वापरत नाही. सावज अगदी समोर आणि संथ असेल तर सरळ जबड्याने धरतो. कधी काय वापरायचं ते डोळ्यांनी अंतर मापून ठरतं. म्हणून ते चार पावलं चालणं आणि थांबून बघणं. वेंधळेपणा वाटतो तो, पण ती शिकाऱ्याची चाल आहे.

दुसरी नवलाची गोष्ट, पाण्यावरून सरकणं. लहानपणी कापराची वडी ताटातल्या पाण्यात सोडली असेल तर ती आपोआप फिरते हे तुम्ही पाहिलं असेल. पाण्याच्या पृष्ठभागाला ताण असतो, सगळीकडून सारखा ओढलेला पातळ पडदा समजा. कापूर विरघळताना आपल्या एका बाजूचा ताण कमी करतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो आणि वडी जास्त ताणाच्या बाजूला ओढली जाते. भौतिकशास्त्रात याला मारांगोनी परिणाम म्हणतात. स्टेनस हेच करतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला ग्रंथी असतात, त्यांतून तो पाण्यावर एक द्रव सोडतो. मागचा ताण पडतो, पुढचा ताण त्याला ओढतो. सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास वेग मिळतो. पाच मिलिमीटरच्या जिवासाठी हे अंतर म्हणजे स्वतःच्या लांबीच्या शंभरपट.

त्या द्रवातलं मुख्य रसायन हायडलबर्गचे रसायनशास्त्रज्ञ हेर्मान शिल्डक्नेख्ट यांनी १९७० च्या दशकात शोधलं. युरोपात आढळणाऱ्या, ढालींवर दोन ठिपके असलेल्या स्टेनस कोमा या जातीत ते मिळालं, म्हणून त्याला नाव पडलं स्टेनसिन. पुढे इतर जातींच्या द्रवांत आणखी रसायनं मिळाली. निलगिरीच्या तेलात असतं ते सिनिओलसुद्धा त्यांत आहे. आणि या द्रवाचा रोजचा उपयोग पाण्यावरून पळण्यासाठी नसतोच. भुंगेरा तो पायांनी अंगभर चोळतो. सतत ओल्यात राहणाऱ्याला बुरशी आणि जिवाणूंची भीती असते आणि या रसायनांमुळे ते वाढत नाहीत. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरा चढलेला बघणाऱ्या आपल्याला ही गरज पटकन कळावी. म्हणजे आधी औषध म्हणून असलेलं पुढे वाहन झालं असावं, असं मानायला जागा आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. ही युक्ती स्वच्छ पाण्यावरच चालते. साबणाने किंवा डिटर्जंटने पृष्ठभागाचा ताण आधीच उतरलेला असेल तर पुढे ओढणारं काही उरत नाही. ज्या जागी रोज कपडे धुतले जातात त्याच्या खालच्या अंगाला स्टेनस शोधून बघा आणि वरच्या अंगालाही बघा. मी स्वतः बघायला वरच्या अंगालाच बसतो.

## पायांवरून पत्ता

मला या किड्यांत सगळ्यात आवडतं ते हे, की त्यांच्या शरीरावर त्यांचा पत्ता लिहिलेला असतो. पायाच्या शेवटी पाच बारीक कांड्यांचं पाऊल असतं. त्यातलं चौथं कांडं बघायचं. काही जातींमध्ये ते साधं, सरळ असतं. काहींमध्ये ते रुंद होऊन दोन पाकळ्यांत फाटलेलं असतं आणि तळाला चिकटून राहणाऱ्या केसांची लव असते. साध्या पावलांचे स्टेनस जास्त करून उघड्या जमिनीवर राहतात, चिखल, वाळू, गोटे. रुंद, फाटक्या पावलांचे गवतावर, लव्हाळ्यावर, पानांवर चढतात. या एका कांड्यावरून किडा कुठला ते बरंच समजतं, आणि उलट, जागेवरून काय शोधायचं तेही ठरतं. दुसरी खूण पोटाच्या कडेची. काहींच्या पोटाला दोन्ही बाजूंनी उभी किनार असते, थाळीला काठ असावा तशी. काहींचं पोट बिनकाठाचं, नळीसारखं गोल. या दोन खुणांवरून पूर्वी स्टेनसचे उपप्रकार पाडले होते. आता ते विभाग नात्याने खरे नाहीत असं तज्ज्ञ मानतात, कारण सारख्या जागी राहणाऱ्या परक्या जातींनाही सारखीच पावलं येतात. पण काठावर बसून बघणाऱ्याला त्या खुणा अजूनही उपयोगाच्या आहेत.

गोव्यात मी त्यांना कसा शोधतो ते सांगतो.

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, वळणावर आतल्या बाजूला गाळ साचतो, तिथे पातळ वाळूमिश्रित चिखलाचा पट्टा असतो. ऊन पडलं की त्यावर शेवाळाचा थर येतो, थरावर स्प्रिंगटेल, आणि त्यांच्यामागे स्टेनस. हे दिवसाचे, उन्हात फिरणारे. तळहाताने काठावर पाणी शिंपडायचं आणि थांबायचं. भेगांत लपलेले किडे पाण्याबरोबर वर येतात. ठिपकेवाले दिसण्याची शक्यता इथे जास्त.

भाताच्या मळ्यात वेगळं. सोरोद, म्हणजे पावसाळी भात, कापणीला आलं असताना बांधावरच्या गवताचे झुपके धरून बुंध्याशी पाण्यात दाबायचे. अर्ध्या मिनिटात गवतातले रहिवासी वर तरंगतात, कोळी, तुडतुडे, आणि त्यात रुंद पावलांचे बारीक स्टेनस. संध्याकाळ झाली की हे देठांवर चढतात. पेडेरसही भातात असतोच, तेव्हा हाताने चाचपू नका. वांयगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या, वेळी, पाणी कमी असताना, हे सगळे पाटाच्या जवळ गोळा झालेले असतात आणि शोधणं सोपं जातं.

सड्यावरच्या जांभ्याच्या खळग्यांत पावसाळाभर पाणी असतं, पण तिथे मला विशेष काही सापडत नाही. कदाचित माझी नजर कमी पडत असेल. पुढे जाऊ.

रानातला पाला ही खरी मोठी जागा. मोले, नेत्रावळी, खोतिगाव, म्हादई या अभयारण्यांच्या बाजूला सदाहरित झाडीखाली ओल्या पाल्याचा जाड थर असतो. जगभर असं दिसतं, की डोंगरातल्या पाल्यात राहणाऱ्या स्टेनसांपैकी अनेकांनी उडणं सोडून दिलं आहे. पंख खुरटलेले, म्हणून ढाली आणखी आखूड, खांदे उतरलेले. जो उडत नाही तो एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जात नाही. मध्ये खोल, कोरडी दरी असली की दोन बाजूंच्या कुटुंबांचा संबंध तुटतो आणि लाखो वर्षांत त्यांच्या वेगळ्या जाती होतात. पश्चिम घाटात बेडूक आणि गोगलगायींच्या बाबतीत ही गोष्ट आपण ऐकली आहे. पालापाचोळ्यातल्या भुंगेऱ्यांच्या बाबतीतही तीच नजर ठेवायला हवी. ढालींचे उतरलेले खांदे दिसले, की समजायचं, हा कुठून उडून आलेला पाहुणा नाही, इथलाच आहे.

आणि धबधब्याचा कातळ. तुषार सतत उडत असतात, शेवाळ आणि लिव्हरवर्ट चिकटलेले, पाण्याचा पातळ पडदा ओघळतो आहे, अशा जागी स्टेनससारखाच एक किडा सापडू शकतो, त्याचं नाव डायनस. स्टेनस आणि डायनस, या दोनच प्रजाती मिळून स्टेनिनी हे उपकुळ होतं. डायनसच्या जाती हिमालयापासून चीन आणि आग्नेय आशियापर्यंत भरपूर आहेत, काही धातूसारख्या निळ्या, काहींच्या ढालींवर ठिपके. वेगळेपण काय? डायनसकडे तो फेकायचा ओठ नाही. त्याचा खालचा ओठ इतर भुंगेऱ्यांसारखा साधा आहे. अनेक डायनसांचे डोळेही जरा लहान असतात, डोळ्यामागे गालाची जागा उरते, पण सगळ्यांचे नाही, म्हणून डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. मेलेला नमुना भिंगाखाली धरून तोंडाच्या तळाशी बघावं लागतं. ज्याने ओठ फेकणं कधी मिळवलंच नाही तो हा जुना भाऊ, की ज्याने मिळवून गमावलं तो, यावर अभ्यासकांत वाद आहे. जनुकांच्या अभ्यासातून डायनस ही स्टेनसच्याच झाडाची एक फांदी असावी असंही पुढे आलं आहे. तसं असेल तर पाण्याच्या माऱ्यात, जिथे स्प्रिंगटेलवर नेम धरणं कठीण, तिथे हे नाजूक हत्यार टाकून दिलं गेलं असेल. हा माझा तर्क, पण कातळाला हात लावून उभं राहिल्यावर तो मनाला पटतो. त्यामुळे धबधब्याजवळ मोठ्या डोळ्यांचा भुंगेरा दिसला की लगेच स्टेनस म्हणून मोकळे होऊ नका.

खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, मात्र हे दोघेही शोधत बसू नये. स्टेनस बहुतांशी गोड्या पाण्याच्या ओलीचा. खाऱ्या चिखलाला याच कुळातला दुसरा रहिवासी लागतो, ब्लेडियस. जगभरच्या खाऱ्या आणि वाळूच्या काठांवर ही प्रजाती आहे. चिखलावर मोहरीएवढ्या मातीच्या बारीक ढिगाऱ्या दिसल्या तर त्यांच्याखाली त्याची बिळं असू शकतात. हा शिकारी नाही, चिखलावरचं सूक्ष्म शैवाल खरवडून खातो. युरोपातल्या एका जातीत आई आपल्या अंड्यांच्या बिळाची राखण करते. बिळाचं तोंड बाटलीच्या मानेसारखं अरुंद ठेवते, त्यामुळे भरतीचं पाणी आत शिरत नाही, आणि ओहोटीला बीळ उघडून हवा खेळती ठेवते. खाजनाच्या बांधातल्या मानशीचं दार भरतीला मिटतं आणि ओहोटीला उघडतं, ते बघत वाढलेल्या माणसाला ही आई अगदी शेजारची वाटेल.

## नाव मिळणं इतकं अवघड का

‘स्टेनस’ इथपर्यंत आपण भिंगाने पोचतो. त्यापुढे, नेमकी कुठली जात, ते फोटोवरून बहुतेक वेळा सांगता येत नाही. दोन जाती बाहेरून तंतोतंत सारख्या असतात आणि फरक असतो नराच्या जननावयवात. त्याचा आकार, टोक, त्यावरचे केस, हे काढून, साफ करून, सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं. नराच्या पोटाच्या शेवटच्या खंडावर खालून एक खाच असते, तिची खोली आणि रुंदीही मदत करते. मादी एकटीच सापडली तर पुष्कळदा हात टेकावे लागतात.

स्टेनस ही प्रजाती फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय यांनी १७९७ साली नोंदवली. आपल्या भागातल्या रोव्ह भुंगेऱ्यांचं मोठं काम माल्कम कॅमेरॉन यांचं. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत १९३० ते १९३९ या काळात त्यांचे रोव्ह भुंगेऱ्यांवरचे खंड निघाले, आणि आजही कुणी कामाला बसलं की सुरुवात तिथूनच होते. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली, म्हणजे ग्रंथमालेच्या नावातल्या मुलखाच्या बाहेर. किड्यांना सरहद्द ठाऊक नसते, घाटाच्या वरच्या आणि खालच्या अंगाचं रान एकच आहे, पण गोळा करणाऱ्या माणसांना सरहद्द असते. पुढच्या काळात स्टेनसच्या जगभरच्या जाती जर्मनीतल्या फोल्कर पुट्झ यांनी उभं आयुष्य खर्चून वेगळ्या केल्या. शेकडो नावं एकट्या त्यांनी दिलेली आहेत. एका माणसाने इतकं केलं याचा आदर वाटतो, आणि इतकं एकाच माणसावर अवलंबून राहिलं याची काळजीही वाटते.

म्हणून इथल्या माणसांनी बघायला सुरुवात करावी असं मला कळकळीने वाटतं. फुलपाखरं आणि पक्षी मोजणारे आता गावोगाव आहेत आणि ते चांगलंच आहे. पण फुलपाखराला कुळागर हवं असतं तसं स्टेनसला त्या कुळागराचा दीड हात रुंदीचा ओला काठ हवा असतो. तेवढाच, आणि नेमका तोच काठ आपण बांधून काढतो. व्हाळाला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घातली की पाणी वाहतंच, झाडंही राहतात, पण चिखलाचा पट्टा जातो. पट्ट्याबरोबर शेवाळ, शेवाळाबरोबर स्प्रिंगटेल, त्यांच्यामागे स्टेनस. मोठं काही पडल्याचा आवाज होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

बघायला फार सामान लागत नाही. भिंग, पांढरं फडकं, छोट्या झाकणाच्या बाटल्या, एक वही. पाला चाळायला जाड जाळीची चाळण. ओल्या झाडीत जळवा असतात, मोजे पँटवर ओढून घ्या. अभयारण्यात वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही किडा उचलू नका. फोटो काढा, बघा आणि सोडा. स्वतःच्या किंवा ओळखीच्या कुळागरात मालकाला विचारून एखादा नमुना ठेवायचा असेल तर ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा. एकाच जागचे दोन-चार असतील तर उत्तम, म्हणजे त्यात नर असण्याची शक्यता वाढते. दहा-वीस कशाला, लागत नाहीत.

आणि बाटलीत चिठ्ठी टाका, पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ‘गोवा, सत्तरी’ एवढं लिहून भागत नाही. चिठ्ठीवर जागा त्या किड्याच्या मापाची लिहायची. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: कुळागर, पाटाचा डावा काठ, सावली, पाण्यापासून चार बोटं वर, वाळूमिश्रित चिखल, वर शेवाळ, सकाळी साडेनऊ, ऊन, एक नर, दोन माद्या, पाऊल साधं, पोटाला काठ, ढालीवर ठिपका नाही. जातीच्या नावाची ओळ मी कोरी सोडली आहे.